तीन फेज

डीपीला आधी घालायचं.
कारवानी जात, कमरेएवढा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा.
दोन भाकरी आणि खाजामियाँकडच्या छिचड्यांचं पाणी
श्वास न घेता ओढतो.
म्हणून घमेल्यात एक गोटा ठेवलाय, दुधनेतला, धुऊन.
त्याच्या कडेकडेनं जीभ फिरवत खावं लागतं,
नाहीतर पोटात गेलेलं सगळं
पाच मिनिटांत अंगणात परत.

मग वायर. रस्त्यावरची, मधल्या मापाची.
तिला पाठीमागं भिंत लागते.
भिंत असली की माणसासारखी जेवते.

आणि फ्यूज.
पुतणीनं हैदराबादला जाताना पिशवीतून आणून दिलेली,
दीड किलोची, त्यात एक किलो केस.
वाटीभर दूधभात.
त्याचाही आधी वास घेणार, वाटीला फेरी मारणार,
पंख्याकडं बघणार.
वर ताठा असा, की डीपीच्या घमेल्यात तोंड घालते
आणि एवढा मोठा डीपी
दोन पावलं मागं सरकून लांब कुठंतरी बघत राहतो,
जसं काही घमेलं त्याचं नाहीच.
वायर मात्र सोडत नाही.
फ्यूजच्या कानाला अजून खाच आहे.

बत्तीस वर्षं सेलूत खांबावर काढली.
शेतीला रात्रीची, गावठाणाला पहाटेची,
शिव्या दोघांच्याही खाल्ल्या.
एका फीडरचा लोड दुसऱ्यावर टाकला की काय उडतं
ते मला शिकवू नका.
तर पडवीत डीपी, न्हाणीत वायर, स्वयंपाकघरात फ्यूज.
वायरचं दार नुसतं लोटलं तरी चालतं,
हाक मारल्याशिवाय ती येत नाही.
बाकीच्या दोन कड्या एकदमच निघायला पाहिजेत.
डीपीची आधी काढली, तर तो फ्यूजच्या दारावर नखं घासतो.
फ्यूजची आधी काढली, तर ती वाटी सोडून पळते
आणि दिवसभर उपाशी.

एक माणूस दोन दारांशी कसा उभा राहणार?

प्रयाग पोळ्यापासून माझ्याशी बोलत नव्हती.
फंडातले पैसे मी भावाच्या पोराला बोअरला दिले,
तिला न विचारता.
बोअर कोरडं गेलं.
ते सांगतानाही मी भिंतीकडं बघितलं.
दिवाळी गेली, येळवस गेली,
ताट माझ्यापुढं यायचं, ठेवल्याचा आवाज यायचा, बस.
पण सकाळी आठ आणि संध्याकाळी सात
ती स्वयंपाकघराच्या कडीशी, मी पडवीच्या.
"काढू?"
"थांबा."
आतून वाटीचा टणटण आवाज.
"काढा."

खांबावरून सबस्टेशनला असंच विचारायचो,
उत्तर आल्याशिवाय तारेला हात नाही.

दिवसाचे चार शब्द. त्यावर हिवाळा निघाला.

शिमग्याच्या आसपास एकदा "थांबा"च्या पुढं ती म्हणाली,
"लई हळू खाते ही मेली. चांगलंय. हळू खाल्लं की अंगी लागतं."
अकरा शब्द. मी मोजले.
त्या गडबडीत कडी काढायची राहिली
आणि डीपीनं गोटा घमेल्याबाहेर काढून पडवीभर फिरवला.

आता माझंही सांगतो.
मीही डीपीसारखाच जेवतो.
ड्युटीत ताट वाढलं की कुठंतरी तार तुटायची,
घास गिळायचा आणि सायकलवर टांग.
रिटायर झालो, गिळणं राहिलं.
रात्री छातीत जळतं.
डॉक्टर म्हणाले, सावकाश खा. मी हो म्हणालो,
लगेच, तेही गिळल्यासारखं.

काल सातला मधल्या खोलीत ताट मांडलेलं.
अंबाडीची भाजी, भाकरी, तेल घातलेला ठेचा.
बसलो.
बाहेरून कडी लागली.

मला आधी कळलंच नाही.
दीड भाकरी संपवून दाराशी गेलो.
"काढ."
"थांबा," बाहेरून. "अजून अर्धी आहे ताटात."
"तुला काय माहीत?"
"इतक्या लवकर हाक मारली म्हणजे राहिलीच असेल."

पडवीत डीपी नखं घासायला लागला होता.
त्याच्या कडीशी आज कोणी नव्हतं.
मी परत ताटावर बसलो
आणि भाजी चावत राहिलो,
पंख्याकडं बघत.